ठासणीच्या बंदुकीचा नेम बसत नाही, मोसम तीन आठवड्यांवर आलाय

सह्यवेडा | २३ सप्टेंबर, रात्री ९:४०

मंडळी, मी पेनसिल्व्हेनियात राहतो. गेल्या वर्षी शिकाऱ्यांसाठीचा सुरक्षा-प्रशिक्षणाचा वर्ग केला, परवाना काढला आणि यंदा ऑक्टोबरच्या मध्याला जो ठासणीच्या (नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायच्या) बंदुकांचा शिकारीचा मोसम असतो त्यात पहिल्यांदा जाणार आहे. परवाना हरणाच्या मादीचा आहे. बंदूक .५० कॅलिबर इनलाइन (प्रायमर नळीच्या मागे सरळ रेषेत बसतो ती), वर साधी ३-९ पट दाखवणारी दुर्बीण, २०९ प्रायमर (दारू पेटवणारी टिकली). बार असा भरतो: काळ्या दारूला पर्यायी सुटी दारू १०० ग्रेन मापाने, त्यावर प्लास्टिकच्या टोपीतली २५० ग्रेनची गोळी.

शनिवारी रेंजवर गेलो. २५ यार्डांवर गोळी १ इंच खाली लागली म्हणून दुर्बिणीचं नेम सरकवायचं बटण ४ क्लिक वर फिरवलं. पुढची गोळी जवळजवळ तिथेच. आणखी ४ दिले. असं करत करत मध्याजवळ आली. मग १०० यार्डांवर गेलो आणि सगळं फिसकटलं. पहिली २ इंच वर, दुसरी डावीकडे ३, क्लिक फिरवले, तिसरी उजवीकडे, पुन्हा फिरवले, पाचवी तर ६ इंच खाली. दहा बार झाले, कागदावर दहा दिशांना दहा भोकं. खांदा दुखतोय ते वेगळंच.

हरणाच्या छातीतली मर्माची जागा साधारण ८ इंचांची, म्हणजे जेवणाच्या कागदी ताटलीएवढी. माझ्या गोळ्या त्या ताटलीत राहत नसतील तर मी जंगलात जाणार नाही, हे ठरलेलं आहे. जखमी होऊन पळालेलं जनावर मला नकोय. काय चुकतंय?

—

मुक्काम_पोस्ट | २३ सप्टेंबर, रात्री १०:०५

दुर्बिणीच्या कड्यांचे स्क्रू बघितलेत का? माझे ढिले होते, दोन रविवार वाया गेले.

—

ओहायोकर | २३ सप्टेंबर, रात्री ११:२०

सह्यवेडा, आधी एक करा: दुर्बिणीच्या क्लिकच्या बटणांवरच्या टोप्या लावून टाका आणि पुढचे पाच बार त्यांना हात लावू नका.

क्लिकचा हिशोब समजून घ्या. तुमची दुर्बीण बहुतेक पाव इंचवाली असणार. म्हणजे एक क्लिक १०० यार्डांवर पाव इंच सरकवते. २५ यार्डांवर तोच क्लिक एक इंचाचा सोळावा भाग सरकवतो. तिथे १ इंच वर यायला १६ क्लिक लागतात, तुम्ही ४ दिलेत. गोळी "तिथेच" लागली कारण ती जेमतेम पाव इंच हलली. ५० यार्डांवर इंचाला ८, १०० यार्डांवर ४. हे रेंजच्या डब्यावर आतल्या बाजूला लिहून ठेवा.

दुसरं, एका गोळीवरून कधीही फिरवायचं नाही. तीन बार एकाच ठिकाणी नेम धरून मारायचे, तिन्ही भोकांचा मध्य काढायचा आणि त्या मध्यावरून फिरवायचं. तुम्ही दर गोळीनंतर फिरवलंत, त्यामुळे बंदूक कुठे मारते ते कागदाला सांगताच आलं नाही.

आता खरा प्रश्न. दोन बारांच्या मध्ये नळी कशी पुसता? ठासणीची बंदूक ही काडतुसाच्या बंदुकीसारखी नसते. प्रत्येक बारानंतर नळीत कीट राहतं आणि पुढची गोळी त्या किटावरून ठासली जाते. पुसण्यात फरक पडला की गोळी बसण्यात फरक, गोळी बसण्यात फरक पडला की वेग बदलतो. माझी पद्धत: बार झाला की एक ओली चिंधी खाली-वर, मग ती उलटवून परत, मग एक कोरडी. मग प्रायमर लावून नुसता उडवायचा, म्हणजे ब्रीच प्लगच्या (नळीच्या मागच्या टोकाच्या बुचाच्या) भोकात ओल राहत नाही. मग मापाने दारू, गोळी, आणि गजाने ती खाली ठासायची. दर वेळी तेच, त्याच क्रमाने. नळी हाताला गरम लागत असेल तर थांबायचं. दहा बारांना मला दीड तास लागतो.

टेकूपण बघा. पुढे वाळूची पिशवी, मागे दस्त्याखाली पिशवी. टेकू दस्त्याच्या लाकडाला द्या, नळीला कधीच नको.

—

अनघा_क | २४ सप्टेंबर, सकाळी ७:१५

धागा वाचून वाईट वाटलं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली ती उगाच नाही. तिकडे गेल्यावर मराठी माणसाला हरीण मारायची हौस का यावी? दुर्बीण लावून कॅमेऱ्याने फोटो काढता येतो की.

—

लीहाय_काठ | २४ सप्टेंबर, दुपारी १२:५०

अनघाताई, तुमचं वाईट वाटणं मला कळतं. मी बारा वर्षं इथे आहे, पहिली पाच वर्षं मीही हेच म्हणायचे.

आमच्या गावाच्या कडेला जंगल आहे. त्यात माणसाच्या कंबरेखालचं एकही कोवळं झाड वाढत नाही, कारण व्हाइटटेल हरणं ते शिल्लक ठेवत नाहीत. लांडगे इथून शंभर वर्षांहून आधीच संपवले गेले, त्यामुळे मोठ्या हरणामागे लागणारं कुणी उरलं नाही. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये संध्याकाळी साडेपाचला माझ्या गाडीसमोर एक मादी आली. तिचे मागचे दोन्ही पाय मोडले आणि पोलीस येईपर्यंत ती रस्त्याच्या कडेला पुढच्या पायांवर उठायचा प्रयत्न करत होती. ती वीस मिनिटं मी विसरलेले नाही. त्या हिवाळ्यात नवऱ्याने परवाना काढला.

आणि तुम्ही म्हणता त्या कायद्याचा मुद्दा. आपल्याकडे शिकार बंद होणं अगदी बरोबर होतं, कारण जनावरंच उरली नव्हती. इथेही एकेकाळी हरणं संपत आली होती, मग मोसम, परवाने आणि संख्या ठरवून दिली. बंदुका आणि काडतुसांवर केंद्र सरकार कर घेतं (लांब बंदुकांवर ११ टक्के) आणि १९३७ च्या कायद्यानुसार तो पैसा वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना जातो. दोन देशांची गरज वेगळी आहे.

आमच्याकडचं जादा मांस अन्नछत्रांना जातं, त्यासाठी राज्यात "हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट" नावाची व्यवस्था आहे. 

—

अनघा_क | २४ सप्टेंबर, दुपारी ३:३०

ताई, शांतपणे लिहिल्याबद्दल आभार. मला अजूनही पटत नाही, पण लेखकाने "ताटलीत बसत नसेल तर जाणार नाही" लिहिलंय ते वाचलं. तेवढं तरी पाळाच.

—

काजूबोंडू | २४ सप्टेंबर, रात्री ८:१०

मी शिकारीतला नाही, पण ठासणीची बंदूक घरात बघत मोठा झालो, म्हणून लिहितो.

आमचं घर सावंतवाडीजवळ. आजोबांकडे पीकसंरक्षणाचा परवाना होता. भात पोटरीला आलं की रानडुकरं यायची, मग आजोबा माळ्यावरून बंदूक काढायचे. बहुतेक वेळा नुसता आवाजाचा बार, डुकरं पांगवायला. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा, निकाल लागला की पावती दाखवून परत. आजोबा ती बाळंतिणीसारखी गोधडीत गुंडाळून न्यायचे.

त्यांचं भरणं डोळ्यांसमोर आहे. आधी दारू, त्यावर नारळाच्या काथ्याचा बोळा, ठास ठास ठास, मग छर्रे, वर पुन्हा काथ्या. आणि भरून झालं की गज नळीतच ठेवायचे आणि नळीच्या तोंडाशी बोटं लावून मोजायचे: बाहेर किती बोटं राहिला. तीन बोटं आली की "भरली". चार आली तर तोंडात शिवी, आणि पुन्हा ठासायचे. एकदा पाच आली. आजोबांनी मला मागे ढकललं, बंदूक खळ्यात नेली आणि बोळा पेचाने उपसून काढला. चुलत्याने दुपारीच भरून ठेवली होती, आजोबांनी तिच्यावर दुसरा बार भरला होता. तेव्हा मी आठ वर्षांचा. खळ्यातल्या शेणाच्या सारवणावर दोन बारांची काळी दारू सांडलेली मला आजही दिसते.

सह्यवेडा, तुमचा गज बाहेर किती बोटं राहतो?

—

ओहायोकर | २४ सप्टेंबर, रात्री ८:४५

काजूबोंडू, हा प्रश्न मी आधी विचारायला हवा होता!

—

सह्यवेडा | २४ सप्टेंबर, रात्री ९:३०

मी गजावर खूणच केलेली नाही. गोळी अडली की ठासली गेली असं समजत होतो. आठवतंय ते असं की चौथ्या-पाचव्या बारापासून गज शेवटच्या टप्प्यात अडकल्यासारखा जड जायचा. पुसण्याचं म्हणाल तर कधी दोन चिंध्या, कधी घाईत एकही नाही, कारण शेजारच्या बाकावरचे लोक थांबले होते.

—

चकमक | २४ सप्टेंबर, रात्री ११:५५

सह्यवेडा, हे हलक्यात घेऊ नका. गोळी दारूला टेकली नाही आणि मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगू शकते, फुटूही शकते. नेमाचा विचार त्यानंतर.

तुम्ही सांगताय ते किटाचं कडं असणार. काही पर्यायी दारूंबरोबर २०९ प्रायमरचा जाळ जास्त होतो आणि दारूच्या बरोबर वर, जिथे गोळी येऊन बसते तिथे कडक कडं जमतं. गोळी त्या कड्यावर थांबते, माणसाला वाटतं पोचली. रिकाम्या नळीत गज टाका आणि नळीच्या तोंडाशी खूण करा. मग स्वच्छ नळीत तुमचा नेहमीचा बार भरून दुसरी खूण करा. दुसरी खूण प्रत्येक बाराला नळीच्या तोंडाशी यायलाच हवी. वर राहिली तर गोळी अर्ध्यात, खाली गेली तर दारू विसरलात.

आता ओहायोकरांशी माझं थोडं भांडण आहे. मी डिसेंबरातल्या चकमकीच्या मोसमाचा माणूस. (पेनसिल्व्हेनियात नाताळनंतर फक्त चकमकीच्या बंदुकांचा मोसम असतो, १९७४ पासून. दुर्बीण चालत नाही, कॅप नाही, प्रायमर नाही. कानाशी (नळीच्या बाजूच्या भोकाशी) रंजक म्हणजे पेटवायची चिमूटभर दारू, गारगोटी आणि तुम्ही.) मी .४९० ची शिशाची गोल गोळी वापरतो, ७० ग्रेन खरी काळी दारू आणि गादीपाटाची चिंधी. दोन बारांमध्ये नळी पुसत नाही. ओलसर चिंधीच जाताना नळी पुसत जाते. दहा बार सलग जातात.

गोल गोळीवाल्यांनी कागदाबरोबर चिंध्यासुद्धा वाचाव्यात. बार उडाला की चिंधी पंधरा-वीस पावलांवर पडलेली सापडते. मध्यभागी काळा गोल डाग आणि कडेला पाकळ्यांसारखी फाकलेली पण शाबूत असेल तर उत्तम. गोळीच्या कडेच्या गोलावर कापलेली असेल तर नळीचं तोंड धारदार आहे किंवा गोळी फार घट्ट आहे. जळून भोक पडलं असेल तर चिंधी पातळ आहे किंवा तेल कमी. माझ्या बंदुकीला गादीपाट मानवला. पातळ मांजरपाट दर वेळी जळून यायचा.

—

ओहायोकर | २५ सप्टेंबर, सकाळी ६:५०

चकमकभाऊ, तुमचं गोल गोळीला बरोबर आहे. प्लास्टिकच्या टोपीतल्या गोळीला ते लागू नाही, तिथे चिंधी नळी पुसत जात नाही. त्याने पुसावंच. पण माझ्या क्रमात एक बदल करतो: ओली चिंधी ब्रीच प्लगपर्यंत पोचवून तिथे दोनदा गोल फिरवायची, म्हणजे कडं सुटतं.

आणि चकमकीवाल्यांना नमस्कार. चाप ओढल्यावर रंजक पेटून आत जाईपर्यंतचा तो क्षण डोळा न हलवता धरून राहायचा म्हणजे खायचं काम नाही.

—

चकमक | २५ सप्टेंबर, सकाळी ७:३०

त्यावर उपाय: गारगोटीच्या जागी तेवढाच लाकडाचा तुकडा लावून रोज रात्री वीस वेळा रिकामा चाप. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या एका तारखेवर नेम. आमच्याकडे कालनिर्णयवरच्या सगळ्या संकष्ट्या मारून झाल्यात 😄

—

नवखा_टेक्सास | २५ सप्टेंबर, सकाळी १०:२०

विषयाला फाटा फोडतोय, माफ करा. एच-१बी वर असलेल्याने ठासणीची बंदूक ठेवली तर चालते का? मित्र म्हणतो तिला बंदूक मानतच नाहीत.

—

लीहाय_काठ | २५ सप्टेंबर, सकाळी ११:४०

मित्राचं अर्धं बरोबर. केंद्राच्या कायद्यात काळ्या दारूवर चालणाऱ्या आणि काडतूस न घेणाऱ्या ठासणीच्या बंदुका साधारणपणे "अँटीक" धरतात. पण काही इनलाइन बंदुकांना काडतुसाची नळी बसवता येते, त्या या सवलतीत बसत नाहीत, आणि राज्यांचे कायदे निरनिराळे आहेत. बाकीच्या बंदुकांना व्हिसावरच्या माणसाला बंदी आहे, वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. मित्राच्या शब्दावर घेऊ नका. बंदुकीची हौस ग्रीन कार्डाच्या आड यायला नको, वकिलाला विचारा.

—

मुक्काम_पोस्ट | २५ सप्टेंबर, दुपारी १:१०

फाटा फुटलाच आहे तर: या मांसाची सागुती होते का?

—

लीहाय_काठ | २५ सप्टेंबर, दुपारी २:००

होते, पण बोकडासारखी समजून करू नका. चरबी जवळजवळ नसते. मांडीचे तुकडे रात्रभर दह्यात आणि आल्या-लसणात, दुसऱ्या दिवशी भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचं वाटण सढळ हाताने, आणि मंद आचेवर. पाठीचा लांबट भाग मात्र शिजवत बसायचा नाही, तव्यावर दोन-दोन मिनिटं आणि उतरवायचा.

एक काळजी: पेनसिल्व्हेनियात २०१२ साली हरणांमधला सीडब्ल्यूडी हा मेंदूचा रोग सापडला. ज्या भागात तो आहे तिथे डोकं तपासणीला द्या आणि निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्येच. रोगाचं निघालं तर खायचं नाही.

—

सह्यवेडा | २८ सप्टेंबर, संध्याकाळी ६:४५

आजच रेंजवरून आलो. सविस्तर लिहितो.

घरी रिकाम्या नळीत गज टाकून पहिली खूण केली. रेंजवर पोचल्यावर आधी नुसता प्रायमर: नळीच्या तोंडापुढे जमिनीवर एक वाळलेलं मेपलचं पान ठेवलं आणि त्याच्यावर उडवला. पान उलटून दोन हात लांब गेलं, म्हणजे वाट मोकळी. मग बार भरून दुसरी खूण.

पहिला बार उडवला. मुद्दाम, फक्त बघण्यासाठी, न पुसता नुसती गोळी गजाने खाली नेली. दारू घातलीच नव्हती, म्हणजे दुसरी खूण नळीत जाऊन पहिली खूण तोंडाजवळ यायला हवी होती. गोळी कड्यावर जाऊन थांबली आणि गजाची दुसरी खूण नळीच्या तोंडाच्या जरा वरच राहिली. हाताला अगदी "पोचली" असंच वाटत होतं. मी गेल्या शनिवारी दारूवर असल्या अर्धवट गोळ्या ठेवून बार काढले. काजूबोंडू, तुमच्या आजोबांची बोटं मला आयुष्यभर पुरतील. दोन्ही हातांनी जोर लावल्यावर कडं तुटलं आणि गोळी खाली गेली. मग ब्रीच प्लग काढून तिला मागून बाहेर काढलं आणि सगळं स्वच्छ केलं.

त्यानंतर ओहायोकरांचा क्रम, तळाशी चिंधी फिरवण्यासकट. प्रत्येक बाराला खूण तोंडाशी. २५ यार्डांवर तीन बार: तिन्ही भोकं एका रुपयाच्या नाण्याने झाकता येतील एवढी जवळ, मध्यापासून १ इंच उजवीकडे. १६ क्लिक डावीकडे. पुढची गोळी मध्यावर. ५० यार्डांवर इंचभर वर, ते मुद्दाम तसंच सोडलं. १०० यार्डांवर तीन बार, अडीच इंचात, मध्यापासून २ इंच खाली. ८ क्लिक वर. शेवटचे तीन बार ताटलीच्या मधोमध.

१५० यार्डांवरही दोन मारले, सात इंच खाली आले. म्हणून ठरवलं, १०० च्या पलीकडे चाप ओढायचा नाही.

—

ओहायोकर | २८ सप्टेंबर, संध्याकाळी ७:३०

वा! आता एकच काम उरलं. तुमचे हे सगळे बार पुसलेल्या पण एकदा उडालेल्या नळीतले आहेत. जंगलात पहिला बार धुतलेल्या, थंड नळीतला असणार आणि बहुधा तोच एकमेव. काही बंदुका तो पहिला बार वेगळ्याच जागी टाकतात. तीन वेगवेगळ्या सकाळी जा, दर सकाळी एकच बार, तोच कागद जपून ठेवा. आदल्या रात्री नळीला तेल लावलं असेल तर भरण्याआधी कोरड्या चिंधीने काढायचं.

आणि आज रात्रीच धुवा. गरम पाणी, भांड्यांचा साबण, कोरडं करून तेल. हे कीट हवेतलं पाणी ओढतं. मी एकदा "उद्या करू" म्हणून झोपलो, दुसऱ्या संध्याकाळी चिंधी विटकरी रंगाची निघाली.

—

चकमक | २८ सप्टेंबर, रात्री ८:१५

आणि स्मोकलेस (आजच्या काडतुसांतली, धूर न होणारी) दारू या बंदुकीच्या आसपाससुद्धा नको. मापात एक चमचा जरी चुकून गेली तरी नळी हातात फुटू शकते. डबे वेगळ्या कपाटात.

—

सह्यवेडा | ११ ऑक्टोबर, सकाळी ९:२०

तीन सकाळी झाल्या. पहिल्या दिवशी ११ अंश सेल्सिअस होतं, आज ३. तोच कागद, १०० यार्ड, धुतलेली थंड नळी, दर वेळी एक बार. तीन भोकं: दोन एकमेकांना चिकटून मध्याच्या इंचभर वर, तिसरं दीड इंच उजवीकडे. कागद घडी करून परवान्याच्या पाकिटात ठेवलाय. पुढच्या शनिवारी पहाटे झाडावरच्या मचाणावर असेन.

—

अनघा_क | ११ ऑक्टोबर, सकाळी १०:०५

तीन दिवस पहाटे उठून एकेक बार? बरं. समोरची जागा नीट दिसली नाही तर मारू नका एवढंच.

—

सह्यवेडा | ११ ऑक्टोबर, सकाळी १०:२०

नाही मारणार, ताई. शब्द देतो.

—

काजूबोंडू | ११ ऑक्टोबर, रात्री ८:३०

गजावर खूण कशाने केलीत? पेनाची पुसून जाते.

—

सह्यवेडा | ११ ऑक्टोबर, रात्री ८:५०

बायकोच्या लाल नेलपॉलिशने. दोन हात दिलेत, मध्ये वाळू दिलं. आणि खूण केल्यावर मोजून बघितलं: बार भरलेला असताना गज बरोबर तीन बोटं बाहेर राहतो.